भित्तिपत्रक की पोस्टकार्ड?

बडोद्यात रविवारचा मराठी वर्ग सुरू करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, मुलं लिहायला कंटाळतात, काय करू? मुलं आठ-दहा वर्षांची, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. माझ्या दांडिया बाजारातल्या वर्गात मी दोन्ही करून पाहिलं आहे : मुलांचं लिखाण चिकटवून भिंतीवर लावायचं भित्तिपत्रक आणि नातेवाइकांना पाठवायचं पोस्टकार्ड.

भित्तिपत्रकाला कार्डशीट, डिंक आणि स्केचपेन एवढं पुरतं. सगळ्यांचं लिखाण एकदम भिंतीवर लागतं, न्यायला आलेले आईबाबा उभे राहून वाचतात. पण चुकाही सगळ्यांसमोर लागतात. गुजरातीत अक्षरांवर शिरोरेखा नसते; तिथे हात बसलेली मुलं मराठीतही रेघ द्यायला विसरतात आणि मोठी माणसं मजकूर सोडून नेमकी तीच बघतात. पुढच्या अंकाला सुंदर अक्षराची दोघं-तिघं लिहितात, बाकीची चित्रं रंगवतात. हे माझ्या मनाला फार लागतं.

पोस्टकार्डाला वाचक एकच, पण तो उत्तर देतो. एका मुलीने साताऱ्याच्या आजीला दोनच ओळी लिहिल्या होत्या : मांजरीला पिल्लं झाली का? किती? आजीचं उत्तर आलं, ‘तीन झाली. पांढऱ्याचं नाव तू ठेव.’ एरवी चार शब्दांत आटपणाऱ्या त्या पोरीने पुढचं कार्ड इतकं गच्च भरलं, की पत्त्याला जागा उरली नाही. पिन कोडचे सहा आकडे कसेबसे कोपऱ्यात बसवले.

फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गात छापखानाच आणला होता. मुलं आपलं लिखाण स्वतः छापत आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवत, तिकडूनही येई. माझा कल पोस्टकार्डाकडे आहे तो याच देवाणघेवाणीमुळे.

यात धोका एकच, उत्तर आलं नाही तर मूल हिरमुसतं. म्हणून आजी-आजोबांना, मावशीला आधी फोन करून उत्तराचं कबूल करून घ्या, आणि उत्तरात एक तरी प्रश्न विचारा म्हणावं.

दहा-बारा मुलं असतील तर पोस्टकार्डंच घ्या. पंचवीस असतील आणि हाताशी कुणी नसेल, तर भित्तिपत्रक. फक्त प्रत्येकाची निदान एक ओळ त्यात हवी. दुरुस्त्या वहीतल्या कच्च्या मजकुरावर, मुलाशेजारी बसून करा. कार्डावर लाल शाई नको.