दाबून बनवलेली 'लखी': एरर (टाकसाळीत चुकीची बनलेली) नाणी घेणाऱ्यांनी हे वाचाच

पुण्यातल्या एका नाणी प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला तांबे-निकेलचा जुना एक रुपया साडेचार हजारांना विकला. एका बाजूला नेहमीचा सिंह, दुसऱ्या बाजूला तोच सिंह खोलगट आणि उलटा, आरशात दिसावा तसा. "लखी आहे, 1985 ची, मुंबई टाकसाळ," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. काट्यावर ठेवून 6 ग्रॅम वजनही दाखवलं.

खरी लखी, म्हणजे ब्रॉकेज, कशी होते ते आधी सांगतो. छापलेलं नाणं बाहेर न पडता छाप उठवणाऱ्या दोन ठशांपैकी एकाला चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आत येते, तिच्या एका बाजूला नेहमीची छाप उठते आणि दुसऱ्या बाजूला त्या अडकलेल्या नाण्याची उलटी, खोलगट छाप. तिथला ठसा चकतीपर्यंत पोचतच नाही. रुपयावरचं साल आणि टाकसाळीची खूण आकड्याच्या बाजूला असते. दोन्हीकडे सिंह असेल तर आकड्याची बाजू छापलीच गेलेली नाही. मग 1985 आणि मुंबई त्याने वाचलं कुठून?

घरी दहापट भिंगाखाली उत्तर मिळालं. खोलगट सिंहाशेजारच्या मोकळ्या जागेत 1985 चे आकडे होते, चपटे झालेले, आणि त्यांच्याखाली मुंबईची हिऱ्याची खूण. म्हणजे हा पूर्ण छापलेला, चलनात फिरलेला रुपया. त्यावर दुसरा रुपया ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळलेला. मागचा उठावाचा सिंहही नाकापाशी चपटा झाला होता, कड किंचित बाहेर पसरली होती. असं दाबताना धातू कमी होत नाही, त्यामुळे वजन बरोबरच भरणार! त्या काट्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. काही जण आकड्याची बाजू आधी घासून काढतात, तेव्हा मात्र वजन घटतं.

कड कापली गेलेल्या, क्लिप नाण्यांतही हाच धंदा चालतो. खऱ्या क्लिपमध्ये कापाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात तिथे पुरेसा दाब बसत नाही. कापाजवळची अक्षरंही ओढल्यासारखी दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरं मध्येच तुटतात.

नाणं परत करायला गेलो तर "प्रदर्शनातला माल परत घेत नाही" एवढंच ऐकवलं. बिलावर त्याने फक्त 'जुने नाणे' लिहिलं होतं, एररचा उल्लेखच नाही. एरर घेताना बिलावर तिचं नाव आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका. त्याच टेबलावर मधला भाग उलटा बसवलेली दहाची नाणीही मांडलेली होती, आणि दोन कॉलेजची मुलं त्यांचा भाव विचारत होती.