सांगलीतील जनुकीय समुपदेशन सेवा : आमचा अनुभव

विश्रामबागेतील एका रुग्णालयात आठवड्यातून एकच दिवस चालणाऱ्या जनुकीय समुपदेशन (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या) विभागात आम्ही पती-पत्नी दीड वर्षात चार वेळा गेलो. माझे पती माझे आतेभाऊ आहेत. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात जुनी असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते, परंतु दिवस राहण्याआधी एकदा विचारून घ्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही गेलो.

पहिल्या भेटीत तपासणी काहीच झाली नाही. समुपदेशक बाईंनी कोरा कागद घेऊन तीन पिढ्यांची वंशावळ काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. घरात कोणी लहानपणी गेले आहे का, या प्रश्नाला आम्ही दोघांनीही ‘नाही’ म्हटले. सोबत आलेल्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “माझ्या पाठीवरचा एक भाऊ होता. पांढराफटक पडायचा, अंगात रक्त धरत नव्हतं. तिसऱ्या वर्षी गेला.” माझ्या वडिलांनी या भावाचा विषय घरात कधी काढला नव्हता. बाईंनी घाई न करता त्याचा चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

दोघांच्याही रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी, तपासणी झाली. हिमोग्लोबिन ए२ चे प्रमाण साधारणपणे ३.५ टक्क्यांच्या आत असते, माझे ५.२ आणि यांचे ५.४ आले. आम्ही दोघेही बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे अंगात रक्त नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराचे, वाहक निघालो; वाहकाला स्वतःला तो आजार नसतो, पण दोष मुलांत उतरू शकतो. माझे हिमोग्लोबिन कायम साडेनऊ-दहाच्या आसपास असे, म्हणून पूर्वी एका दवाखान्यात मला वर्षभर लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. तांबड्या पेशी आकाराने लहान असल्याचे प्रत्येक अहवालात छापलेले असूनही पुढची तपासणी कोणी सुचवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

समुपदेशनाची खरी किंमत मला दुसऱ्या भेटीत कळली. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आमच्यासारखे वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के, हे बाईंनी लाल-पांढरे मणी आमच्याच हातात देऊन, आत्यांनाही कळेल असे समजावले. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितले. पोटातल्या बाळाला आजार आहे का हे पाहण्यासाठी वारेचा नमुना गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान घेतात, पण त्यासाठी आई-वडिलांच्या जनुकातील नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. आमची डीएनए तपासणी आधीच झाली असल्यामुळे बाराव्या आठवड्यात धावपळ झाली नाही. नमुना घेताना गर्भपाताचा धोका थोडा असतो, हे त्यांनी लपवले नाही. अहवाल वाईट आला तर काय करावे, असे आत्यांनी विचारले तेव्हा त्यांनी कायदा, उपचार आणि आयुष्यभर रक्त देण्याचा खर्च सारे सांगितले, मात्र निर्णय आमच्यावरच सोडला.

संमतिपत्र मराठीत होते आणि त्याची प्रत मिळाली; गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने गर्भवतीला समजणाऱ्या भाषेतच लेखी संमती घ्यावी लागते. समुपदेशनाचा सारांश मात्र इंग्रजीत देतात, ही या सेवेतली मोठी उणीव आहे, कारण तो गावाकडच्या डॉक्टरांपेक्षा घरातल्या माणसांनी वाचण्याची गरज अधिक असते. तासगावहून येणाऱ्याला दोन-दोन तास बसावे लागते, तेही सुधारायला हवे.

आमची मुलगी आता सात महिन्यांची आहे. ती आमच्यासारखीच वाहक आहे. बाईंच्या सांगण्यावरून माझ्या बहिणीने आणि दिरानेही तपासणी करून घेतली. दिराचा अहवाल स्वच्छ आला, बहीण वाहक निघाली. तिचे लग्न ठरवताना मुलाकडच्यांना हे आधी सांगायचे, असे वडिलांनी स्वतःहून ठरवले आहे.