घरच्या प्रिंटरवर अदृश्य मार्कर: शाई लाल घ्या, निळी नको

फरशीवर एप्रिलटॅग (क्यूआर कोडसारखे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे मार्कर) चिकटवले की कॅमेऱ्याने ते वाचून रोबोला आपली जागा कळते, पण घराची कळा जाते. त्यावर उपाय म्हणून इंकजेटमध्ये भरायची अदृश्य यूव्ही शाई मिळते; ती एरवी दिसत नाही, फक्त यूव्ही (अतिनील) उजेडात चमकते, साधारण १०० मिलीच्या बाटल्यांत. निळी चमकणारी स्वस्त, लाल चमकणारी बरीच महाग. तरीही लालच घ्यावी.

कारण कागदात आहे. झेरॉक्सच्या कागदात शुभ्रतेसाठी ब्राइटनर घातलेले असतात आणि तेही यूव्हीखाली निळेच चमकतात. त्यावर निळ्या शाईचा मार्कर कॅमेऱ्याला जवळपास दिसतच नाही. लाल शाईत सहसा युरोपियमचं संयुग असतं. त्याचा प्रकाश ६१५ नॅनोमीटरच्या आसपास एका अरुंद पट्ट्यात येतो आणि निळ्यापासून सहज वेगळा काढता येतो. तरी कागद ब्राइटनर नसलेलाच घ्या. दुकानात नोटा तपासायच्या टॉर्चखाली धरून पाहा: खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो, तसाच हाही राहायला हवा.

प्रिंटर टाकीवाला आणि पिएझो हेडचा, म्हणजे शाई न तापवता दाबाने फेकणारा घ्या (एप्सनचे असतात), शक्यतो कोरा. जुन्यात नळ्यांमध्ये राहिलेली काळी शाई आठवण काढत राहते आणि मार्करवर राखाडी झाक येते. चारही टाक्यांत हीच शाई भरा. एकाच टाकीत भरली तर फोटो पेपरच्या सेटिंगला ड्रायव्हर काळा रंग इतर रंग मिसळून बनवतो आणि शाई अपुरी पडते. आठवड्यातून एकदा नोझल चेक (प्रिंटरचा चाचणी छाप) काढा, आणि तो यूव्हीखालीच बघा. नुसत्या डोळ्यांना कागद कोराच दिसणार!

इथे हमखास घोटाळा होतो: शाई पडते ती जागा उजळ दिसते, म्हणजे मार्कर उलटा छापला जातो. छापण्याआधी चित्र निगेटिव्ह करा, बाहेरची पांढरी चौकटही शाईत येऊ द्या. अरुको (एप्रिलटॅगसारखाच दुसरा मार्कर) वापरत असाल तर ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या मोफत लायब्ररीत उलटे मार्कर ओळखण्याची सोय आहे, तिने शाई वाचते.

मापाचा हिशोब असा. रोबोचा खाली पाहणारा कॅमेरा जमिनीपासून १५ सेंमी वर, त्याला दिसणाऱ्या भागाचा आडवा कोन ६०°, चित्र ६४० पिक्सेल रुंद. म्हणजे सेंटीमीटरला साधारण ३७ पिक्सेल. टॅग३६एच११ या एप्रिलटॅगच्या प्रकारातला ४० मिमीचा मार्कर घेतला तर काळ्या चौकटीसह ८ घरं, प्रत्येक ५ मिमीचं, म्हणजे सुमारे १८ पिक्सेल. भरपूर झालं. पण ०.३ मीटर प्रतिसेकंद वेगात १० मिलिसेकंद एक्स्पोजर दिलं तर चित्र ३ मिमी फासलं जातं. ५ मिलिसेकंदांच्या आत राहा, आणि ऑटो एक्स्पोजर व ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा.

उजेड ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीचा हवा. ३९५ चे स्वस्त मिळतात, पण त्यांचा जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो आणि कॅमेऱ्यातही शिरतो. रोबोखाली चारी बाजूंनी काळी झालर लावा. बाहेरचा उजेड अडतो आणि यूव्ही कुणाच्या डोळ्यांत जात नाही. चाचणी करताना यूव्ही अडवणारा चष्मा घाला. ओपनसीव्हीतलं नेहमीचं ग्रे रूपांतर इथे नको, त्यात हिरव्याला ५८.७ टक्के वजन असतं आणि लालला २९.९. थेट लाल चॅनेल घ्या किंवा लेन्सवर लाल फिल्टर लावा.

स्वयंपाकघरात सांडलेली हळदही यूव्हीत पिवळी-हिरवी चमकते. लाल फिल्टर तिला बहुतांश रोखतो. फरशी पुसायच्या पाण्यात कपड्यांची पावडर असेल तर तिचे ब्राइटनर फरशीवर राहतात, तो निळा थरही तिथेच गळतो.

लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत थरावर एलईडीचे डाग पडतात. यूव्ही-रोधक फिल्म मात्र चुकूनही नको, मार्कर आंधळा होईल. टिकाऊपणात ही शाई कमी पडते: थेट उन्हात चमक लवकर उतरते, त्यामुळे बाल्कनीसाठी घेऊ नका. खोलीत, खिडकीपासून दूर, चांगली चालते. अंगणात फिरणाऱ्या रोबोला साधे काळे मार्करच बरे.