जुन्या क्लच प्लेटा हातात मिळाल्या, पण त्या माझ्या गाडीच्या नव्हत्याच

"जुना पार्ट मागून घ्यायचा, म्हणजे गॅरेजवाला फसवत नाही," असं आपण एकमेकांना सांगत असतो. मी मागून घेतला होता. तेलाने माखलेल्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून मेस्त्रीने स्वतः हातात दिल्या. तरी मला २,३५० रुपयांची टोपी बसलीच.

गाडी शंभर सीसीची, रोज सांगली-मिरज. क्लच एकदम पकडायचा. पहिला टाकून लिव्हर कितीही हळू सोडा, अर्ध्यापर्यंत गाडी ढिम्म आणि मग एकदम उडी. सिग्नलला पुढच्या रिक्षाला ठोकायचंच तेवढं बाकी होतं. मागे बसलेली बायको दर वेळी पाठीवर आदळायची आणि गाडीऐवजी माझा उद्धार करायची.

मेस्त्रीने गल्लीत एक फेरी मारली. "प्लेटा गेल्या साहेब. हबसकट अख्खा सेट टाकावा लागणार. कव्हर उघडायचं म्हणजे ऑइल पण नवीन."

पहिली गोम इथेच आहे. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो. चढाला रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडी काही पळत नाही. माझ्या गाडीचं दुखणं याच्या नेमकं उलट होतं. क्लच झटक्याने पकडत असेल तर बहुतेक वेळा क्लच वायर कोरडी पडलेली असते किंवा तिच्या आतल्या तारा तुटत आलेल्या असतात. क्वचित एखादी स्टीलची प्लेट तापून वाकलेली निघते. आणि गाडी जुनी असेल तर प्लेटा ज्या वाटीत बसतात तिला खाचा पडलेल्या असतात. प्लेटांचे कान त्या वाटीच्या फटींत मागेपुढे सरकतात. वर्षानुवर्षं आपटून तिथे खाच पडते, कान तिच्यात अडकतो आणि सुटतो तो एकदम. झटका बसतो तो त्यामुळे.

संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा झटका खरंच कमी झाला होता. "प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवल्यात," असंही तो म्हणाला. नव्या प्लेटा भिजवूनच बसवायच्या असतात, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. थापेत एक खरी गोष्ट मिसळली की ती पचते.

थोड्याच दिवसांत उड्या पुन्हा सुरू. या वेळी माधवनगरला एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. उजव्या कव्हरसमोर उकिडवे बसले आणि बोट दाखवलं. बोल्टांच्या डोक्यांभोवतीचा चिखल वाळून दगड झालेला, पाना लागल्याचा ओरखडा कुठेच नाही. "किक काढल्याशिवाय हे कव्हर निघत नाही. किकच्या बोल्टवरचा गंज बघा." मग डिपस्टिक काढून फडक्याला पुसली. डांबर! 'नवीन' ऑइलचे पैसे बिलात होते.

मी पुडी उघडली. त्यांनी फळीवरची माझ्या मॉडेलची प्लेट घेऊन त्यातल्या एकीवर ठेवली. पुडीतली चांगली बोटभर मोठी. "दीडशे सीसीची असेल कुठल्यातरी. जुन्या प्लेटांचा डबा कुठल्याही गॅरेजात सापडेल. गिऱ्हाईकाने मागितल्या की चार काढून द्यायच्या." म्हणजे पहिल्याने फक्त वायरमध्ये तेल सोडून ती ॲडजस्ट केली होती. दहा मिनिटांचं काम.

मग माझ्यासमोर कव्हर उघडलं. प्लेटा व्हर्नियरने मोजल्या, चांगल्या जाडीच्या होत्या. वाटीच्या कडेवरून मला नख फिरवायला लावलं, ते खाचेत अडकलं. खाच उथळ होती म्हणून कानसीने हलक्या हाताने घासून भागलं, खोल असती तर वाटीच बदलावी लागली असती. नवी वायर, गास्केट, ऑइल, मजुरी, सगळं मिळून साडेनऊशे.

क्लचच्या कामाला गाडी टाकण्याआधी डिपस्टिकवरच्या ऑइलचा रंग पाहून ठेवा. निम्मा बोल्टवर, निम्मा कव्हरवर येईल असा नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, बोल्ट फिरला तर ठिपका तुटतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई आहे का, हे तर घरीच बघता येतं. ऑइलच्या डब्यावर जासो एमए (JASO MA, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या दुचाकीच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागू शकतो. आणि काम समोर थांबून करून घ्या. "इथे थांबू नका, संध्याकाळी या," म्हणणाऱ्याकडे मी तरी आता गाडी ठेवणार नाही.

पुडी घेऊन पहिल्या गॅरेजवर गेलो, तर "पोराने केलं असेल, तो गावी गेलाय." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला बसलो तेव्हा पावती नीट पाहिली. पाठकोरा कागद, त्यावर दुकानाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, नुसता आकडा आणि एक वेलांटी. पैसे यूपीआयने दिले होते, तेही कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेलेत. तेवढ्या नोंदीवर तक्रार टाकली आहे.