उडालेल्या फाइल: घरी सॉफ्टवेअर की लॅमिंग्टन रोड?

हार्ड डिस्क धडधाकट असेल आणि फाइल नुसत्या डिलीट झाल्या असतील, तर घरचा उपाय पुरतो. फोटोरेक हे डिलीट झालेल्या फाइल परत काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त ते पेन ड्राइव्हवरून चालवा आणि सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, नाहीतर जुन्या फाइलींवरच नवीन लिहिलं जातं. मूळ नावं सहसा मिळत नाहीत. एकेक फोटो उघडून बघत बसा. कटकटीचं काम, पण खिशाला चाट नाही.

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र तात्काळ बंद करा आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठा. तिथेही ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारा नको. रिकव्हरीचंच काम करणारा शोधा, भाव आधी ठरवा. डिस्क एसएसडी (चिपवाली) असेल आणि तिच्यावर ट्रिम, म्हणजे डिलीट झालेल्या फाइलींची जागा आपोआप पुसणारी सोय, चालू असेल तर दोन्हीकडे आशा थोडीच.