सिम्समधलं बेट: सुलानी की इस्ला पॅराडिसो?

'सिम्स' म्हणजे पात्रांचं रोजचं आयुष्य चालवायचा संगणकावरचा खेळ. मावसबहीण अडली आहे: त्याचा बेटावरचा कोणता विस्तार (मूळ खेळात भर घालणारा भाग) घेऊ, 'सिम्स ३'चं आयलंड पॅरडाइज (२०१३; त्यातलं बेट इस्ला पॅराडिसो) की 'सिम्स ४'चं आयलंड लिव्हिंग (२०१९; त्यातलं बेट सुलानी)?

खर्चाचं पटकन सांगते. 'सिम्स ४'चा मूळ खेळ २०२२ पासून फुकट आहे, फक्त विस्तार विकत घ्यायचा. 'सिम्स ३'चा मूळ खेळही घ्यावा लागतो.

करण्यासारखं मात्र इस्ला पॅराडिसोत जास्त. हाउसबोट बांधा आणि घरासकट दुसऱ्या किनाऱ्याला जा. रिसॉर्ट चालवा. पाण्याखाली सिमला (म्हणजे आपल्या पात्राला) स्वतः फिरवता येतं, गुहा धुंडाळता येतात. सुलानीत खोल डुबकी मारली की सिम दिसेनासा होतो आणि आपण नुसती वाट बघतो. मला हे फार खटकतं.

पण बेटावर राहिल्यासारखं वाटतं ते सुलानीतच. किनाऱ्यावरचा कचरा उचलत गेलं की सुलानीतला मुआ पेलाम हा भाग हळूहळू हिरवागार होतो. वाळूतून कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा मी खेळ थांबवून बघत बसते. जलपऱ्या दोन्हीकडे आहेत.

इस्ला पॅराडिसो संगणकाला जड जातं, त्यामुळे साधा लॅपटॉप असेल आणि निवांत खेळायचं असेल तर सुलानी. दमदार मशीन असेल आणि धंदा, भटकंती हवी असेल तर इस्ला पॅराडिसो.