फेंडर जॅझ बेस (मेक्सिको, २००६) : आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत ठाण्याहून हा बेस (खर्जाच्या सुरांची गिटार) ५२,००० रुपयांना सेकंडहँड घेतला. फेंडर कंपनीचं मेक्सिकोत बनलेलं साधं मॉडेल (मेक्सिकन स्टँडर्ड), नंबर एमझेड६ ने सुरू होणारा. घेतल्यावर पंधरा दिवसांतच मित्रांच्या ग्रुपवर त्याचं भरभरून कौतुक लिहिलं होतं. त्यातलं निम्मं आता मागे घ्यावं लागतंय, म्हणून हे परत लिहितोय.

घेताना मी काय बघितलं? हेडस्टॉकवरचा (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावरचा) नंबर, लोगो, नेक (दांडा) सरळ आहे का, प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या पट्टीवर) सूर नीट वाजतो का. विकणारा म्हणाला, "सगळं ओरिजिनल आहे, कशालाही हात लावलेला नाही." नंबर जुळला, मी पैसे मोजले. पण तो नंबर साक्ष देतो ती फक्त नेकची! १९७६ पासून फेंडरने नंबर हेडस्टॉकवर टाकायला सुरुवात केली. त्याआधी तो बॉडीच्या मागे, नेकच्या स्क्रूंखालच्या पट्टीवर असायचा. नेक बसते चार स्क्रूंवर. खऱ्या नेकला भलतीच बॉडी जोडायला अर्धा तास पुरतो.

आवाजाबद्दल माझं मत फेब्रुवारीत होतं तेच आज आहे. बेसला दोन पिकअप (तारांची थरथर टिपणारी, चुंबकावर गुंडाळलेली कॉइल) आहेत, दोघांना वेगळा व्हॉल्यूम. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की तबला-ढोलकीच्या खाली हा बेस असा बसतो की गाणाऱ्याला पायाखाली जमीन मिळते. ब्रिजकडचा (तारा बॉडीवर जिथे अडकवतात तिकडचा) पिकअप एकटा ठेवला तर बोटाचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. एकट्या पिकअपला गुणगुण येते, ती येणारच, सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) आहे. दोन्ही पूर्ण उघडले की ती जाते, कारण दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात.

जुलैत ही गुणगुण दोन्ही व्हॉल्यूम उघडे असतानाही येऊ लागली. गणपतीतल्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० वर. बेसची मोकळी जी तार ९८ वर. गाणं जी मध्ये असलं की माझा सूर आणि ती गुणगुण एकमेकांवर आदळून सेकंदाला दोनदा हेलकावे खायचे. पेटीवाले काका दर वेळी मान वर करून माझ्याकडे बघायचे. सूर माझा बरोबर होता, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुकानात दाखवलं. दुकानदाराने जॅक लावला, दहा सेकंद ऐकलं आणि सांगितलं, "पिकअप डुप्लिकेट आहेत. नवीन जोडी १४,०००." बघण्याचे ५०० वेगळे. एकही स्क्रू न उघडता! मी विचारलं, डुप्लिकेट कशावरून? तर म्हणे, आवाजावरून कळतं. याची चीड मला अजून आहे. दोन रात्री मी ५२,००० पाण्यात गेले असंच धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी मल्टिमीटर काढला. बेसला केबल लावली, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेच्या शेंड्यावर एक प्रोब आणि बुंध्यावर दुसरा. कॉइलचा रोध मोजला. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य : ७.२ किलोओहम. उलट केलं : ७.४. दोन्ही पूर्ण : ३.६. म्हणजे दोन्ही कॉइल धडधाकट, आणि जॅझ बेसच्या पिकअपचा आकडा साधारण असाच येतो. यावरून पिकअप फेंडरचेच आहेत असं सिद्ध होत नाही, पण १४,००० रुपये घालवायचं कारण तरी राहत नाही.

मग लक्षात आलं की गुणगुण चालू असताना तारांवर हात ठेवला तरी ती तसूभरही कमी होत नाही. व्हायला हवी. तारा ब्रिजला टेकतात, ब्रिजखालून एक वायर ग्राउंडला जाते. मीटर बझरवर (जोड अखंड असेल तर वाजतो) टाकला, एक प्रोब ब्रिजवर, दुसरा पिनेच्या बुंध्यावर. मीटर गप्प.

ब्रिजचे स्क्रू काढले. खाली लाकडाच्या रंगावर दुसऱ्याच, लहान ब्रिजचा ठसा! फेंडरचा पातळ, वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज काढून कोणीतरी जाडजूड बसवला होता आणि ग्राउंडची वायर त्याच्या कडेखाली जेमतेम अडकवून दिली होती. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत ते टोक हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासलं, पसरून मधोमध घेतलं, ब्रिज आवळला. मीटर वाजला. खर्च शून्य.

माझं म्हणणं इतकंच आहे, की सेकंडहँड बेस बघायला जाताना नंबर नंतर वाचा. ॲम्प लावा, एकच पिकअप चालू ठेवा, तारांवर तळहात ठेवा आणि उचला. फरक पडला नाही तर ब्रिज उघडायला सांगा. ॲम्पला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा, नाहीतर ही परीक्षा फसवी ठरते. मंडपात अर्थिंग नसलं तर माईकला ओठ लागताच झटका बसू शकतो, तेही सांभाळा.

बाकी पावसाळ्यात ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) वर गेली होती, ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळी) पाव फेरा आवळल्यावर जागेवर आली. टोनचा पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर) बदललेला निघाला, त्याच्यावरचं सोल्डर बाकी दोघांपेक्षा चकचकीत आहे. चालतो, राहू दे.

विकणाऱ्याला फोन केला. आधी नाही म्हणाला, मग ठशाचा फोटो पाठवल्यावर कबूल झाला. जुना ब्रिज त्याच्या कपाटात होता. कुरिअरने आला, १८० रुपये मीच भरले. दिवाळीनंतर नवीन तारा चढवीन, तेव्हा तोच बसवणार आहे.